डॅपटोनचा कप्पा: जमवाजमवीच्या नोंदी

५ जानेवारी

या वर्षी एकच काम नीट करायचं ठरवलंय, डॅपटोन रेकॉर्ड्सचा एक अख्खा कप्पा लावायचा. दिसेल ते सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साठ-सत्तरच्या दशकात बहरलेलं गाणं) उचलत सुटायचं नाही, एकाच गायिकेच्या मागेही जायचं नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या या छोट्या स्वतंत्र लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, रेकॉर्ड्स नंबराप्रमाणे लावत जायच्या, ऐकत जायच्या आणि प्रत्येकीवर कोण काय वाजवतंय ते लिहून ठेवायचं. शीट केलीये, कार्डं आणलीयेत, आणि त्या दोन्हीत न मावणारं जे काही असेल ते इथे.

लेबलच का धरलं ते आधी लिहिते कारण हा प्रश्न येतोच. मी इथवर आले ती एमी वाइनहाउस या गायिकेच्या २००६ च्या बॅक टू ब्लॅक या अल्बममुळे. त्यातली मार्क रॉन्सनने प्रोड्यूस केलेली गाणी ऐकताना मला सारखं वाटायचं की हे ड्रम्स आणि हे ब्रास वाजवणारी माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत असणार, असं जुळून येणं भाड्याने बोलावलेल्या लोकांकडून होत नाही. मग श्रेयांची बारीक अक्षरं वाचली. ड्रम्सवर होमर स्टाइनवाइस, गिटारवर थॉमस ब्रेनेक आणि बिंकी ग्रिपटाइट, ट्रंपेटवर डेव्ह गाय, टेनर सॅक्सवर नील शुगरमन. ही सगळी मंडळी डॅप-किंग्ज या एकाच बँडची, आणि हा बँड म्हणजे डॅपटोनचा घरचा बँड, गायिका शॅरन जोन्सच्या मागे वाजवणारा. जगभर गाजलेल्या त्या अल्बममध्ये जे मला आवडत होतं ते या घरातून आलेलं होतं. तर मग घरच गाठायचं ना थेट!

१२ जानेवारी

वंशावळ काढून भिंतीवर लावली. ती नसेल तर पुढे गोंधळ होतो, कारण हीच दहा-पंधरा माणसं वेगवेगळ्या नावांनी सगळीकडे भेटतात.

सुरुवात डेस्को या लेबलपासून. १९९६ च्या सुमाराला गेब्रिएल रॉथ आणि फिलिप लेमन या दोघांनी ते काढलं. दोघांनाही साठ-सत्तरच्या दशकातल्या फंकच्या (सोलच्या जोरकस, तालप्रधान भावंडाच्या) ४५ चं, म्हणजे सात इंची छोट्या रेकॉर्ड्सचं, वेड, आणि त्यांनी काय करावं, तर नव्या रेकॉर्ड्स अशा काढल्या की लोकांना वाटावं हा जुनाच माल परत छापलाय. एक तर चक्क सत्तरच्या दशकातल्या कुंगफू सिनेमाचं संगीत म्हणून काढली, आणि तो सिनेमाच अस्तित्वात नव्हता. त्यावर वाजवणारा बँड म्हणजे सोल प्रोव्हायडर्स, ज्यातून पुढे डॅप-किंग्ज झाले. २००० मध्ये डेस्को फुटलं. लेमनने सोल फायर काढलं आणि रॉथने नील शुगरमनला घेऊन २००१ मध्ये डॅपटोन. सोल फायरच्या आसपास वाढलेल्या लिऑन मिशेल्सने पुढे ट्रुथ अँड सोल काढलं आणि मग २०१६ मध्ये बिग क्राउन. हा मिशेल्स आणि आपला ड्रमर स्टाइनवाइस हे दोघे शाळकरी वयात मायटी इम्पीरियल्स नावाच्या बँडमध्ये एकत्र वाजवायचे. म्हणजे लेबलं फुटली तरी माणसं फुटली नाहीत, ती एकमेकांच्या रेकॉर्ड्सवर वाजवतच राहिली, आणि मला हे या सगळ्या कहाणीतलं सर्वात चांगलं वाटतं.

आणखी एक, बॉस्को मॅन हे नाव दिसलं की तो रॉथच समजायचा. बास वाजवताना, गाणी लिहिताना आणि प्रोड्यूस करताना बॉस्को मॅन, आणि रेकॉर्डिंग इंजिनियर म्हणून गेब्रिएल रॉथ. कार्डावर मी दोन्ही लिहिते.

२० जानेवारी

पहिली पाकिटं आली. नॅचरली, २००५ चा, आणि आय लर्न्ड द हार्ड वे, २०१०. दोन्ही शॅरन जोन्स अँड द डॅप-किंग्ज. पहिला अल्बम डॅप-डिपिन, २००२ चा, नंबर डीएपी-००१, त्याचा शोध चालू आहे.

नॅचरली दोनदा आणि आय लर्न्ड तीनदा सलग ऐकला आणि आता थोडं लिहायलाच हवं की हा आवाज असा का येतो, कारण लोक म्हणतात 'जुनी मशीनं वापरतात' आणि विषय संपवतात. मशीनं आहेतच. ब्रुकलिनच्या बुशविक भागात ट्राउटमन स्ट्रीटवर एका जुन्या राहत्या घरात यांचा स्टुडिओ, हाउस ऑफ सोल त्याचं नाव, आणि आय लर्न्ड तिथे अँपेक्सच्या आठ ट्रॅकच्या टेप मशीनवर रेकॉर्ड केलाय. पण आठ ट्रॅक म्हणजे काय होतं ते बघा. बास, ड्रम्स, दोन गिटार, कोंगा, तीन ब्रास, कीबोर्ड, मागचे आवाज आणि शॅरन, एवढं सगळं आठात बसवायचं. मग ड्रम्सच्या प्रत्येक भांड्याला स्वतंत्र ट्रॅक मिळत नाही, अख्खं ब्रास एका ट्रॅकवर जातं, आणि एकदा गेलं की नंतर त्यातलं एकटं ट्रंपेट खाली-वर करता येत नाही. त्यामुळे ट्रंपेटवाल्यालाच माइकपासून किती लांब उभं राहायचं ते ठरवावं लागतं, सॅक्सवाल्याला त्याचं ऐकत फुंकावं लागतं, अरेंजमेंट आधी पक्की असावी लागते आणि कुणी चुकलं तर सगळ्यांनी परत वाजवायचं. कॉम्प्युटरवर जे काम नंतर होतं ते इथे वाजवतानाच, माणसांकडून होतं. मला वाटतं रेकॉर्डवर जी ऊब ऐकू येते म्हणतात ना, तिच्यातला टेपचा वाटा अर्धाच असेल, बाकी अर्धा वाटा या एकमेकांकडे कान लावून वाजवण्याचा आहे.

आणि ड्रम्स. स्टाइनवाइसचा स्नेअर (काठीने वाजणारा, कडक आवाजाचा ड्रम) कोरडा, आखूड, गुंज जवळपास नाहीच. तो बीटच्या किंचित मागे बसतो आणि बास त्याच्या पुढे जात नाही. हे ऐकायला लागलं की दुसरं काही सुचत नाही.

३ फेब्रुवारी

आजची नोंद मोठी होणार कारण ४५ चं प्रकरण सुरू केलंय आणि माझ्या मते या लेबलचा खरा जीव तिथेच आहे.

४५ म्हणजे सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी, एका बाजूला एक गाणं. आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये आणली, त्याच्या आदल्या वर्षी कोलंबियाची एलपी, म्हणजे अख्खा अल्बम मावणारी मोठी रेकॉर्ड, आली होती. सोल आणि फंक वाढलं ते ४५ वर, रेडिओसाठी आणि ज्यूकबॉक्ससाठी. डॅपटोनवाल्यांनी हे फक्त आठवण म्हणून धरलेलं नाही, ते आधी ४५ काढतात, लोक कसं घेतात ते बघतात आणि अल्बम मागाहून येतो, कधीकधी फारच मागाहून. त्यामुळे एलपी जमवल्या की आपल्याला निकाल कळतो पण प्रवास बघायचा तर ४५ हव्यातच.

गायक चार्ल्स ब्रॅडलीचंच घ्या. त्याचा पहिला अल्बम नो टाइम फॉर ड्रीमिंग २०११ च्या जानेवारीत आला तेव्हा तो बासष्ट वर्षांचा होता आणि सगळीकडे लिहून आलं की कोण हा इतकी वर्षं लपून बसलेला माणूस. पण डॅपटोनने त्याची पहिली ४५ काढली ती २००२ मध्ये, नील शुगरमनच्या शुगरमन थ्री या बँडच्या साथीने! तेव्हा तो ब्लॅक व्हेल्वेट या नावाने सोल-फंकचा बडा गायक जेम्स ब्राउन याची गाणी त्याच्याच थाटात स्टेजवर करायचा. मधली नऊ वर्षं काय झालं तर अधूनमधून ४५ निघत राहिल्या आणि गाणं हळूहळू ब्राउनच्या सावलीतून बाहेर येत गेलं, ओरडणं कमी झालं, गती उतरली, ब्रेनेक सोबत आला आणि स्वतःच्या आयुष्यातलं दुःख गाण्यात आलं. अल्बमवर आपल्याला एकदम तयार ब्रॅडली भेटतो. ४५ लावून ठेवल्या की तो तयार होताना ऐकू येतो. मी त्या ओळीने लावल्या, ज्या मिळाल्यात तेवढ्या, आणि रात्री उशिरापर्यंत उलटसुलट करत बसले.

आता थोडं आवाजाचं. एलपीवर सुई बाहेरच्या कडेला असताना ग्रूव्हची (सुई ज्यातून फिरते त्या बारीक खाचेची) गती सेकंदाला साधारण ५१ सेंटीमीटर असते आणि शेवटच्या गाण्यापर्यंत ती २१ च्या आसपास येते, म्हणून आतल्या गाण्यांत स आणि श फाटल्यासारखे येतात. ४५ वर ती ४० च्या आसपास सुरू होते आणि २५ च्या आसपास संपते, म्हणजे फरक कमी. शिवाय एका बाजूला तीनच मिनिटं असली की ग्रूव्ह रुंद आणि खोल कापता येते, आवाज मोठा घेता येतो. गाणं पाच-सहा मिनिटांचं झालं तर एक तर आवाज खाली आणायचा नाहीतर त्याचे दोन तुकडे करून दोन बाजूंना भाग एक आणि भाग दोन. फंकमध्ये जो 'भाग दोन' सारखा दिसतो तो त्यातूनच आला. आणि यांच्या बऱ्याच ४५ वरचं मिक्स मोनो असतं, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज, तेच गाणं एलपीवर स्टीरिओत, डावी-उजवीकडे वाटलेलं, वेगळं लागतं. त्यामुळे एलपीवर आहेच तर ४५ कशाला, याला माझं उत्तर एवढंच, ती दोन वेगळी मिक्सं आहेत, लावून बघा.

१० फेब्रुवारी

किरकोळ. ४५ च्या मधल्या मोठ्या भोकात बसवायचे अडॅप्टर आले, धातूचा घेतला, प्लास्टिकचा डगमगत होता. सुईचं वजन परत मोजून कार्ट्रिजवाल्याने (सुई ज्यात बसते तो भाग बनवणाऱ्याने) सांगितलंय त्या मर्यादेत मधोमध आणून ठेवलं. ॲम्पला मोनोचं बटण आहे ते आता उपयोगाला आलं. मोनो रेकॉर्डमध्ये गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं, उभ्या हालचालीतून स्टीरिओ कार्ट्रिज जे उचलतं ती निव्वळ धूळ आणि खरखर, मोनो दाबलं की तो भाग एकमेकांत खोडला जातो. फरक लगेच कळतो.

१८ फेब्रुवारी

भाचा आला होता. त्याला वाजवायला बसवलं आणि मी पाठ करून बसले, तो एकच गाणं कधी ४५ वरून कधी एलपीवरून लावणार आणि मी ओळखणार. आवाजाची पातळी त्याने कानाने जमेल तितकी सारखी केली, कारण मोठा वाजतो तो चांगला वाटतोच, मग तुलनेला अर्थ राहत नाही.

शॅरनच्या जलद गाण्यांत बहुतेक वेळा ओळखता आलं. मोनोत बास आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) एकाच जागेवर येतात, ब्रास त्यांच्या डोक्यावर बसतं आणि सगळं मिळून एकच माणूस चालून येतोय असं लागतं. स्टीरिओत मात्र तिच्या मागच्या आवाजांना जागा मिळते, कोंगा बाजूला जाऊन मोकळ्या वाजतात. संथ गाण्यांत मला एलपी जास्त आवडली, हे लिहून ठेवते, कारण मी ४५ ची बाजू घेऊन बसलेय तरी जे ऐकलं ते ऐकलं.

भाचा म्हणाला, "मावशी, तू गायिकेकडे लक्षच देत नाहीस, सगळा वेळ ड्रम्स ड्रम्स." म्हटलं अरे बाबा, ती गायिका ज्यावर उभी आहे ते ड्रम्सच आहेत. मग त्याला बिंकी ग्रिपटाइटचा गिटार वेगळा काढून ऐकायला सांगितलं, ते उलट्या बीटवरचे छोटे छोटे कापल्यासारखे कॉर्ड, आणि तो गप्पच झाला. जाताना दोन एलपी ऐकायला घेऊन गेला. शीटमध्ये 'बाहेर' असा रकाना वाढवला.

१ मार्च

एका विक्रेत्याने रेकॉर्ड जॅकेटच्या आतच ठेवून पाठवली, वाटेत ती आतून घसरली आणि जॅकेटची वरची शिवण फाटली. रेकॉर्ड ठीक आहे. यापुढे प्रत्येक ऑर्डरला आधीच लिहून कळवायचं की तबकडी आतल्या पाकिटासकट जॅकेटच्या बाहेर काढून, मागे ठेवून पॅक करा, दोन्ही बाजूंना कडक पुठ्ठा. जे चांगले विक्रेते आहेत ते न सांगता करतात. वापरलेला माल घेताना विक्रेत्याने दिलेल्या ग्रेडिंगवर (स्थितीच्या दर्जावर) विसंबून न राहता मी आता विचारते की वाजवून बघितलंय की नुसतं उजेडात बघितलंय, त्या एका प्रश्नाने बरंच कळतं.

१५ मार्च

बिनगाण्याचा आठवडा. बुडोस बँडचे पहिले तीन आणि मेनाहन स्ट्रीट बँडचा मेक द रोड बाय वॉकिंग.

बुडोसवाले न्यूयॉर्कच्याच स्टेटन आयलंडचे. पहिल्या अल्बमवर ज्वालामुखी, २००५. दुसऱ्यावर विंचू, २००७. तिसऱ्यावर नाग, २०१०. कव्हरवरून वाटेल हेवी मेटल आहे, आणि ते अगदीच चूक नाही, पुढच्या अल्बममध्ये ते त्या बाजूला सरकतातच. पण पाया आफ्रोबीटचा (पश्चिम आफ्रिकेतल्या ताल-फंकचा) आणि इथिओपियन जॅझच्या सुरांचा. दोन-तीन तालवाद्यं एकावर एक, बॅरिटोन सॅक्स तळाला, आणि धून अशी की एकदा बसली की दिवसभर जात नाही. तिघांत मला दुसरा. पहिल्यापेक्षा घट्ट आणि तिसऱ्यापेक्षा मोकळा.

मेनाहन स्ट्रीट बँड हे ब्रेनेकचं प्रकरण. मेनाहन स्ट्रीट हा बुशविकमधला रस्ता, तिथल्या त्याच्या घरातच रेकॉर्डिंग व्हायचं, आणि डनहॅम हे त्याचं डॅपटोनच्या आतलं उपलेबल. यांच्या अल्बमच्या नावाचीच जी धून आहे ती जे-झी या रॅपरने २००७ मध्ये रॉक बॉइज या गाण्यात उचलली. अल्बम आला २००८ मध्ये! म्हणजे तोवर जगाने ती धून हिपहॉपमध्ये ऐकून झाली होती आणि मूळ कुठे होतं तर एका ४५ वर. माझा मुद्दा परत तोच. आणि हा अल्बम डॅप-किंग्जसारखा अंगावर येत नाही, संध्याकाळचा आहे, ऑर्गन आणि ट्रंपेट लांब उभं राहून बोलल्यासारखे. ब्रॅडलीच्या पहिल्या अल्बमवर साथीला हाच बँड आहे. तो अल्बम असा का वाजतो ते हा ऐकल्यावर कळतं, म्हणून दोघांची कार्डं एकत्र टाचली.

२३ मार्च

आज शॅरन जोन्सचं कार्ड पुरं केलं. खरं तर कार्डं, एकात मावली नाही.

जन्म ४ मे १९५६, ऑगस्टा, जॉर्जिया. जेम्स ब्राउनचंही गाव तेच. लहानपण चर्चच्या गाण्यात, मग न्यूयॉर्क, लग्नांतल्या बँडमध्ये गाणं, स्टुडिओत मागचे आवाज देणं. कुणी तिला पुढे उभं करेना. एका बड्या कंपनीच्या माणसाने तिला सांगितलं होतं की तू फार काळी आहेस, फार जाड, फार बुटकी आणि वयही झालंय. मग तिने न्यूयॉर्कच्या रायकर्स आयलंडच्या तुरुंगात पहारेकरी म्हणून काम केलं, पैशांच्या चिलखती गाडीवर सशस्त्र रक्षक म्हणून काम केलं. १९९६ मध्ये गायक ली फील्ड्सच्या रेकॉर्डिंगला मागच्या आवाजांसाठी तीन बायका हव्या होत्या, आली ती एकटी शॅरन, आणि तिघींचेही आवाज तिनेच देऊन टाकले. रॉथ आणि लेमनने ते ऐकलं आणि तिथून सगळं सुरू झालं. स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला तेव्हा तिचं वय सेहेचाळीसच्या आसपास.

म्हणून कुणी या रेकॉर्ड्सना नक्कल म्हटलं की मला राग येतो. नक्कल कशाची? ती त्याच गावात, त्याच काळात, तेच संगीत कानावर घेत वाढलेली बाई आहे, तिला संधी तीस वर्षं उशिरा मिळाली एवढाच फरक. बँडमधली पोरं तिच्याहून वीस-वीस वर्षांनी लहान, त्यांनी हे संगीत रेकॉर्ड्सवरून शिकलेलं, आणि तिने जगून. दोन्ही एका खोलीत आलं आणि त्यातून हे लेबल उभं राहिलं. तिच्याशिवाय ही पोरं हुशार संग्राहक राहिली असती, असं मला खरंच वाटतं. आणि त्यांच्याशिवाय ती तुरुंगाच्या नोकरीतून निवृत्त झाली असती.

अल्बम ओळीने लावले. हंड्रेड डेज हंड्रेड नाइट्स २००७, माझ्या मते सगळ्यात भरीव. गिव्ह द पीपल व्हॉट दे वाँट २०१३ मध्ये येणार होता, तिला कॅन्सर निघाला, थांबवला, जानेवारी २०१४ मध्ये आला आणि ग्रॅमीच्या नामांकनात गेला. १८ नोव्हेंबर २०१६ ला ती गेली. सोल ऑफ अ वुमन जवळजवळ एका वर्षाने, नोव्हेंबर २०१७ मध्ये. आजारपणात, उपचारांच्या मधल्या दिवसांत, अंगात बळ असेल तेव्हा गायलेला. पहिली बाजू जलद, बँड स्टेजवर असतो तशी, दुसरी बाजू संथ, व्हायोलिन आणि मोठ्या ऑर्केस्ट्राची. हा अल्बम स्ट्रीमिंगवर सलग ऐकला तर मध्ये काही घडत नाही, रेकॉर्डवर मात्र तुम्हाला उठून बाजू पलटावी लागते आणि दुसऱ्या बाजूला ती बदलून गेलेली असते. त्यांनी तो दोन बाजूंचा म्हणूनच बांधलाय. ब्रॅडलीही तिच्यामागून, २३ सप्टेंबर २०१७ ला गेला. एका वर्षाच्या आत लेबलचे दोन्ही मोठे आवाज गेले.

कॉलममध्ये 'स्थिती' लिहायची राहिली. हंड्रेड डेज निअर मिंट (जवळपास नवी), बाकी व्हीजी प्लस (वापरलेल्या पण चांगल्या).

६ एप्रिल

पहिलं प्रेसिंग की नंतरचं, काळी की रंगीत, यावर निर्णय घेऊन टाकला. कप्पा ऐकण्यासाठी आहे. रंगीत आवृत्तीसाठी एकच रेकॉर्ड दोनदा घ्यायची नाही. पहिलं प्रेसिंग मिळालं तर छान, नाहीतर ज्याची स्थिती चांगली ते. अपवाद फक्त जिथे मिक्स किंवा कटिंग वेगळं आहे तिथे, आणि ते कळतं रनआउटमधल्या कोरलेल्या अक्षरांवरून, शेवटच्या ग्रूव्ह आणि लेबलच्या मधल्या गुळगुळीत पट्ट्यात जे हाताने किंवा ठशाने लिहिलेलं असतं ते. प्रत्येक रेकॉर्डचं रनआउट तिरप्या उजेडात वाचून शीटमध्ये उतरवायचं काम सुरू केलंय. डोळे दुखतात पण यातूनच कळतं की दोन दिसायला सारख्या प्रती एकाच कटिंगच्या आहेत की नाहीत.

हे कटिंग म्हणजे लॅकर चढवलेल्या ॲल्युमिनियमच्या तबकडीवर ग्रूव्ह कोरणं, मग त्यावर धातू चढवून साचे काढणं आणि साच्यांनी रेकॉर्ड दाबणं. आता या लॅकर तबकड्या बनवणारे कारखाने जगात दोनच उरले होते, एक जपानमध्ये आणि एक कॅलिफोर्नियात बॅनिंगला, अपोलो मास्टर्स, आणि तो ६ फेब्रुवारी २०२० ला जळून गेला. पाठोपाठ महामारी. प्रेसिंगच्या रांगा महिनोन्महिने लांबल्या, आणि रांगेत मागे पडतात ते छोटी लेबलंच, कारण मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरी लाखांत असतात. म्हणून २०२० नंतरची एखादी ४५ पटकन संपली आणि परत छापायला खूप वेळ लागला असं दिसलं तर त्याला लगेच मुद्दाम केलेली टंचाई म्हणू नये.

साफसफाई: डिस्टिल्ड वॉटर, थोडंसं आयसोप्रोपिल, मऊ ब्रश, ग्रूव्हच्या दिशेने. पण जुन्या, साठच्या दशकातल्या अमेरिकन ४५ असतील तर आधी बघायचं, त्यातल्या पुष्कळ व्हिनाइलच्या नसून पॉलिस्टायरीनच्या आहेत, लेबल चिकटवलेलं असतं आणि कडेला टिचकी मारली तर आवाज कडक येतो. त्यांना अल्कोहोल लावायचं नाही आणि घासलेल्या सुईने वाजवायचं नाही, त्या लवकर खराब होतात.

२१ एप्रिल

पेनरोजचा नवा उपकप्पा. रॉथ मूळचा कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडचा, तिकडे परत गेला, स्टुडिओ केला आणि २०२० मध्ये पेनरोज हे डॅपटोनचं उपलेबल सुरू झालं. सुरुवात कशाने, तर एकदम पाच ४५ ने. दी सेक्रेड सोल्स, दी सिन्सीअर्स, द आल्टन्स, लॉस येस्टरडेज, जेसन जोशुआ. दक्षिण कॅलिफोर्नियात मेक्सिकन-अमेरिकन वस्त्यांमध्ये जुन्या संथ सोल गाण्यांचं प्रेम पिढ्यान् पिढ्या टिकलेलं आहे, सजवलेल्या लोरायडर गाड्या सावकाश चालवत ऐकायची ती गाणी, आणि ही पोरं तिथूनच आलीत. त्यामुळे ब्रुकलिनच्या मालापेक्षा हे पार वेगळं, ब्रास मागे, पुढे गोड उंच आवाज आणि त्यामागे दोघातिघांचं हार्मनी.

सेक्रेड सोल्स सॅन डिएगोचे. त्यांची ४५ आधी २०२० मध्ये आणि अल्बम २०२२ मध्ये, म्हणजे पद्धत तीच. जॉश लेन गातो तेव्हा जोर करतच नाही, आणि ड्रम्सवाला अॅलेक्स गार्सिया इतकं कमी वाजवतो की मी दोन दिवस फक्त तेच ऐकत होते. सिन्सीअर्सचा गायक जास्त नाट्यमय आहे, तेही हवं असतं कधीकधी. ज्यांना डॅपटोन फार धडाकेबाज वाटतं त्यांना मी आता इथून सुरुवात करायला सांगते.

५ मे

काल शॅरनचा वाढदिवस होता, तिचेच रेकॉर्ड लावले आणि काम काहीच केलं नाही. आज ली फील्ड्स.

याच्यामुळे माझी लेबलवार मांडणी अडते आणि म्हणूनच त्याच्यावर आज पूर्ण दिवस दिला. पहिली ४५ १९६९ ची. नव्वदीत डेस्कोवर. मग माय वर्ल्ड २००९ मध्ये ट्रुथ अँड सोलवर, स्पेशल नाइट २०१६ मध्ये बिग क्राउनवर, आणि २०२२ मध्ये सेंटिमेंटल फूल, डॅपटोनवर, रॉथनेच प्रोड्यूस केलेला. ज्या माणसाच्या रेकॉर्डिंगला शॅरन मागचे आवाज द्यायला आली होती तो पाव शतकाने फिरून त्याच रॉथकडे आलाय. डेस्कोच्या काळात तो जेम्स ब्राउनसारखा किंचाळत गायचा, सेंटिमेंटल फूलमध्ये सत्तरी ओलांडलेला माणूस आवाज खाली ठेवून, शब्दाशब्दावर थांबत गातो आणि रॉथने मागे जवळपास काही भरलेलं नाही. बासची एक ओळ, ऑर्गन, मागचे आवाज, बस. डॅपटोनच्या अलीकडच्या मालात मला हा सगळ्यात वरचा वाटतो.

रेकॉर्ड्स लेबलप्रमाणेच राहतील, माय वर्ल्ड आणि स्पेशल नाइट या कप्प्यात येणार नाहीत. पण कार्ड माणसाप्रमाणे, आणि फील्ड्सच्या कार्डावर चारही लेबलं एकाखाली एक लिहिली, प्रत्येकापुढे ड्रमर कोण ते. भाच्याने शीटमध्ये शोध घालून दिलाय, वाजवणाऱ्याचं नाव टाकलं की सगळ्या रेकॉर्ड्स समोर येतात. डॅप-डिपिन अजून हव्या त्या स्थितीत मिळालेला नाही, दोन ठिकाणी विचारून ठेवलंय. तोवर डेस्कोच्या ४५ ची यादी सुरू करते, आधी फील्ड्सच्या, मग सोल प्रोव्हायडर्सच्या.